पोचलं की नाही?

घरून कामाला जायला मला अ‍ॅलेघेनी नदी ओलांडावी लागते. बस मिळते, पण रस्त्यावर बर्फ नसेल तेव्हा मी पायीच निघते आणि पिवळ्या पुलावरून जाते. १९९८ पासून या पुलाला रोबेर्तो क्लेमेंतेचं नाव आहे. पुलाच्या टोकाशी पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाचं मैदान. सामना असला की पूल गाड्यांना बंद होतो आणि आजोबा-नातवंडं काळे-पिवळे सदरे घालून मधोमध चालत जातात. त्यातल्या कितीतरी पाठींवर २१ आकडा असतो.

२१ हा क्लेमेंतेचा नंबर. तो मैदानाच्या उजव्या कोपऱ्याकडची बाजू राखायचा, म्हणून तिथली भिंत २१ फूट उंच बांधली आहे. त्या भिंतीसमोर तो कधी उभा राहिला नाही. हे मैदान २००१ मध्ये झालं. क्लेमेंते गेला ३१ डिसेंबर १९७२ च्या रात्री, भूकंपग्रस्तांसाठी सामान घेऊन निघालेल्या विमानात. सामान पोचलं नाही. तोही पोचला नाही.

मी सोलापूरची. बेसबॉल मला इथं येईपर्यंत ठाऊकही नव्हता. क्लेमेंतेशी माझं नातं जुळलं ते भूकंपामुळे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून सगळे उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आमच्या घरात फळीवरची भांडी वाजली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं त्याच क्षणी दगडमातीखाली गेली होती, हे दिवस उजाडल्यावर कळलं. दुपारपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक घरात ज्वारी निघाली. कडक भाकरी, शेंगाची चटणी, जुनी लुगडी, घोंगड्या, सगळं पोत्यांत भरून ट्रक निघाला. बरोबर आमचे अण्णा होते आणि मी हट्टानं चढले होते. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. अण्णा हायस्कुलात गणित शिकवायचे. विनोबांची गीताप्रवचनं त्यांच्या उशाशी असत, आणि त्या वाचनातून त्यांनी स्वतःपुरता एक नियम काढला होता: दिलं की विसरायचं. दिलेल्या वस्तूच्या मागे डोळे पाठवायचे नाहीत.

वाटेत पाऊस लागला. एका ठिकाणी मदत जमा करून घेणारी मंडळी होती. सामान इथेच उतरवा, पुढे आम्ही वाटू, असं ते म्हणाले. अण्णांनी उतरवलं, हात जोडले, आम्ही माघारी आलो. दहाएक दिवसांनी त्यांचा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्यानं पाहिलं होतं. पोती तिथेच होती. भाकरींना बुरशी आली होती, लुगडी चिखलात पसरली होती, त्यावरून गुरं जात होती. कुणी मुद्दाम केलं असेल असं मला आजही वाटत नाही. इतकं सामान आलं होतं की कुणाचाच त्यावर डोळा राहिला नव्हता. अण्णा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

पुढे लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेले. गल्लीनं पुन्हा वर्गणी काढली आणि साठ पंपाचे स्टोव्ह घेतले. या वेळी अण्णांनी एका शेडपासून सुरुवात केली आणि साठही स्वतःच्या हातांनी दिले. मी नाव लिहीत होते. एवढ्यावर ते थांबतील असं वाटलं होतं, पण आठवड्यानं म्हणाले, "चल, एकदा बघून येऊ."

पहिल्याच शेडमध्ये एक म्हातारी तीन दगडांवर ओली काटकी फुंकत बसली होती. स्टोव्ह कोपऱ्यात, त्याच्यावर परात पालथी घातलेली. का, तर पेटत नाही. अण्णांनी तो पुढ्यात ओढला, पंप मारला. नुसता फुसफुसला. बॅरलमधून येणाऱ्या रॉकेलमध्ये गाळ होता. बर्नरचं बारीक भोक त्यानं बुजलं होतं, आणि खोक्यातून आलेली एकुलती एक पिन केव्हाच वाकून मातीत हरवली होती. पुढच्या शेडमध्ये तेच. त्याच्या पुढच्यात तेच. साठातले जेमतेम वीस चालू होते.

परतीच्या एसटीत मी त्यांना विचारलं, "अण्णा, तुम्हीच म्हणता फळाची आशा नको. मग आपण बघायला का आलो?"

ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "अगं, स्टोव्ह अजून दिलाच नाही आपण. पेटेल तेव्हा दिला."

त्या वाक्याचं मोल मला पिट्सबर्गला आल्यावर कळलं.

क्लेमेंते प्वेर्तो रिकोमधल्या कारोलिना गावचा. जन्म १९३४ चा. वडील उसाच्या कामावर मुकादम, सात मुलांत हा धाकटा. १९५५ ते १९७२, सलग अठरा वर्षं तो पायरेट्सकडून खेळला. चार वेळा लीगमधला सर्वोत्तम फलंदाज ठरला, क्षेत्ररक्षणासाठी बारा गोल्ड ग्लव्ह मिळवले. संघानं १९६० मध्ये आणि १९७१ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली. या दोन्ही मालिकांतल्या सातही सामन्यांत त्याची किमान एक तरी हिट आहे. हिट म्हणजे चेंडू असा मारायचा की समोरच्यांची काही चूक न होता आपण सुखरूप बेसवर पोचावं. १९७२ च्या हंगामाच्या शेवटी, ३० सप्टेंबरला, त्याची तीन हजारावी हिट झाली. त्याच्याआधी फक्त दहा जणांनी तो आकडा गाठला होता. नियमित हंगामातली ती त्याची शेवटची हिट. तीन हजार, बरोबर तीन हजार. आमच्या भूकंपाची तारीखही तीच, ३० सप्टेंबर. मी त्यातून काही अर्थ काढत नाही, पण दर वर्षी ती तारीख आली की दोन्ही आठवतात.

त्याच वर्षी २३ डिसेंबरला निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपात कोसळली. महिन्याभरापूर्वीच क्लेमेंते हौशी खेळाडूंचा प्वेर्तो रिकन संघ घेऊन त्या शहरात राहून आला होता. रस्ते, दुकानं, माणसं ओळखीची झाली होती. मदत समितीचं काम त्यानं अंगावर घेतलं. सॅन हुआनच्या स्टेडियमजवळ तो दिवसभर उभा राहून पैसे, कपडे, औषधं गोळा करत होता. दोन-तीन खेपा रवाना झाल्या. मग तिकडून बातमी आली की हुकूमशहा सोमोसाचे सैनिक सामान परस्पर ताब्यात घेत आहेत आणि ते ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापर्यंत जातच नाही.

इथं क्लेमेंतेला थांबता आलं असतं. पाठवलं, आपलं काम झालं, पुढचं त्यांच्या हाती, असं म्हणणाऱ्याला कुणी नावं ठेवली नसती. त्यानं ठरवलं की पुढच्या विमानात आपण स्वतः बसायचं. लॅटिन अमेरिकेत त्याचा चेहरा घराघरात माहीत होता, त्याच्या समोर सामान वळवायला सैनिकही कचरतील असा त्याचा हिशेब होता. म्हणजे त्यानं सामानाबरोबर स्वतःचं नावही पाठवायचं ठरवलं, पिशवीत आणखी एक वस्तू घालावी तसं.

हे वाचलं तेव्हा मला ती एसटी आठवली. पेटेल तेव्हा दिला.

कर्म करावं, फळावर हक्क सांगू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण 'फळ' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या गेल्या आहेत असं मला वाटतं. एक फळ करणाऱ्याकडे परत येतं: नाव, पुण्य, आभार, आपण चांगले आहोत हे समाधान. दुसरं ज्याच्यासाठी केलं त्याच्याकडे जातं: भाकरी त्याच्या तोंडात जाणं, स्टोव्ह पेटणं. सोडायचं ते पहिलं. दुसरं सोडायला मला कुणी दिला अधिकार? म्हातारीची भाकरी माझी नाहीच, मग मी तिचा त्याग कसा करणार? तिचा स्टोव्ह पेटला का, हे पाहणं म्हणजे कामाचा राहिलेला अर्धा भाग. तो न करता निघून आलेला माणूस स्वतःला निष्काम म्हणवू लागला, तर त्यानं सगळ्यांत सोपा त्याग केला: दुसऱ्याच्या वाट्याचा. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिताना लोकसंग्रहावर एवढा भर का दिला, हे मला पुस्तकात वाचून जितकं कळलं त्याहून त्या पालथ्या परातीकडे पाहून जास्त कळलं.

क्लेमेंतेला मी संत करत नाही. पहिल्या जातीचं फळ त्याला हवं होतं, आणि ते नाकारलं गेलं याचं दुःख तो वर्षानुवर्षं बाळगून होता. १९६० च्या विजयानंतर सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो आठवा आला. तो सल गेला नाही. वृत्तपत्रं त्याचं इंग्रजी जसं ऐकू येई तसं मोडकंतोडकं छापत, आणि रोबेर्तो हे सरळ नाव असताना त्याला बॉब म्हणत. काळा, आणि वर स्पॅनिश बोलणारा. त्याला राग यायचा आणि तो दाखवायचा. मला तो राग रास्त वाटतो. आपलं नाव नीट घ्या, असं म्हणणं ही फळाची हाव नव्हे. पण कौतुकाची भूक त्याला होती, हे लपवून काय करायचं? १९७१ ची मालिका जिंकल्यावर टीव्हीचा माइक समोर आला तेव्हा इंग्रजीत बोलण्याआधी तो स्पॅनिशमध्ये बोलला. मुलांना आशीर्वाद दिला आणि घरी बसून पाहणाऱ्या आईवडिलांकडे आशीर्वाद मागितला. प्वेर्तो रिकोत ती रोजची रीत आहे, आपण बाहेर जाताना पाया पडतो तशी. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, साऱ्या अमेरिकेसमोर, तो आधी पाया पडला. फळ हातात आलं त्या क्षणी ते वर कुणाकडे तरी नेऊन ठेवायचं, हे त्याला शिकवावं लागलं नव्हतं.

या संघाच्या इतिहासात कर्म आणि फळ यांची फारकत वारंवार दिसते. होनस वॅग्नर हा शंभर वर्षांपूर्वीचा इथला मोठा खेळाडू. सिगारेटच्या पाकिटांतून त्याच्या चित्राची कार्डं निघत होती, ती त्यानं थांबवायला लावली. मुलांनी त्यापायी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून, असं सांगतात. थोडीच कार्डं बाहेर पडली, आणि त्यातलं एक २०२२ मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरला गेलं. बिल मॅझरोस्कीनं सारं आयुष्य क्षेत्ररक्षणात घातलं, पण लोक त्याला ओळखतात १३ ऑक्टोबर १९६० च्या एका फटक्यासाठी, ज्यानं यांकीजना शेवटच्या डावात हरवलं. जुन्या मैदानाची भिंत विद्यापीठाजवळ अजून उभी आहे. दर १३ ऑक्टोबरला तिथं माणसं जमतात आणि त्या सामन्याचं रेडिओ समालोचन पुन्हा ऐकतात, निकाल माहीत असून.

मला मात्र हार्वी हॅडिक्सची गोष्ट सोडवत नाही. २६ मे १९५९. मिलवॉकी ब्रेव्ह्जविरुद्ध त्यानं बारा डाव चेंडू टाकला आणि समोरचे छत्तीसच्या छत्तीस फलंदाज ओळीनं बाद केले. एकही पहिल्या बेसवर पोचला नाही. सामना नऊ डावांचा असतो. सत्तावीस बाद झाले की तो परिपूर्ण सामना म्हणून कायमचा नोंदवला जातो. हॅडिक्सचे सत्तावीस झाले, मग अठ्ठावीस, तीस, पस्तीस. पण त्याच्याच संघाला बारा हिट मारूनही एकही धाव काढता आली नाही, म्हणून सामना संपेना. तेराव्या डावात एका सोबत्याच्या हातून चूक झाली, आणि थोड्याच वेळात हॅडिक्स १-० हरला. १९९१ मध्ये व्याख्या बदलली आणि त्याचं नाव त्या खास यादीतूनही गेलं. इतक्या निर्दोष कामाचं फळ: पराभव. तरी मला हॅडिक्सबद्दल हळहळ वाटते, अस्वस्थता नाही. कारण तिथं दुसऱ्या जातीचं फळ नव्हतंच. त्याच्या चेंडूची वाट पाहत कुणी उपाशी बसलं नव्हतं. हा निव्वळ खेळ, आणि खेळात गेलेलं फळ करणाऱ्याचंच असतं; ते सोडता येतं. मानाग्वाला जाणाऱ्या औषधांचं तसं नाही. म्हणून खेळाडूला सांगितलेला उपदेश जसाच्या तसा मदत करणाऱ्याला लागू करू नये.

आमच्याकडे रविवारी आठ-दहा जण जमून गीता वाचतो. मागच्या शरदात अठरावा अध्याय चालू असताना मी क्लेमेंतेचा विषय काढला. एक काका आहेत, आयुष्यभर विमानांच्या इंजिनांवर काम केलेले. ते शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही दोन श्लोक पुढे वाचा." पुढे कर्माचे तीन प्रकार आहेत. परिणाम, हानी, इतरांना होणारी इजा आणि आपली ताकद यांपैकी कशाचाच विचार न करता मोहानं आरंभलेलं कर्म तामस, असं तिथं सांगितलं आहे.

काकांना त्या विमानाची सगळी माहिती होती. जुनं डीसी-७. महिन्याच्या सुरुवातीलाच त्याला जमिनीवर अपघात झालेला. क्षमतेपेक्षा सुमारे ४२०० पौंड, म्हणजे एकोणीसशे किलो जास्त भार. ३१ तारखेला रात्री नवाच्या सुमारास उडालं आणि किनाऱ्यालगतच समुद्रात पडलं. आत पाच माणसं होती. "त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही," काका म्हणाले, "पण ते विमान उडायलाच नको होतं. तुमचे अण्णा स्टोव्हमध्ये गाळ आहे का बघत होते ना? मग इंजिन कोण बघणार?"

खोलीत कुणी बोललं नाही. मलाही लगेच उत्तर सुचलं नाही, आणि नंतर सुचलेली उत्तरं मी स्वतःच खोडली. क्लेमेंते वैमानिक नव्हता, हे खरं. मालकानं आणि वैमानिकानं उडू शकतं म्हटलं आणि त्यानं विश्वास ठेवला. पण सामान पोचवतो म्हणणाऱ्या सैनिकांवर विश्वास ठेवायला तो तयार नव्हता. मग इथं का ठेवला? जिथं त्याचा डोळा हवा होता तिथं तो पोचण्याआधीच, ज्या ठिकाणी कुणाचाच डोळा नव्हता तिथं गोष्ट संपली. काकांचं म्हणणं मला खोडता येत नाही. अण्णांचंच म्हणणं ते पूर्ण करतात. पोचवायची जबाबदारी खरी मानली, तर वाटही त्या जबाबदारीतच येते.

पण तामस हा शब्द मी घ्यायला तयार नाही. तामस कर्मात मोह असतो, आणि मोहात माणसाला समोरचा दिसत नाही. क्लेमेंतेला समोरचे दिसत होते, महिन्यापूर्वी डोळ्यांनी पाहिलेले. त्याच्या घरी तीन लहान मुलं होती, वर्षाची शेवटची रात्र होती; घाई त्याच्या सोयीची नव्हती, मानाग्वात उघड्यावर पडलेल्यांची होती. त्याच्या हातून चूक झाली असेल. चुकलेलं सात्त्विक कर्म असा खाना गीतेच्या त्या श्लोकांत नाही, पण माणसांच्या जगण्यात तो आहे, आणि मला वाटतं चांगल्या माणसांची बरीचशी कामं त्याच खान्यात पडतात. मी हे काकांना सांगितलं. ते नाही म्हणाले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि पुढचा श्लोक वाचायला घेतला.

कुणी म्हणेल, मदत नाही पोचली तरी त्याचं नाव पोचलं. हॉल ऑफ फेमसाठी लागणारी पाच वर्षांची अट बाजूला ठेवून १९७३ मध्येच त्याला आत घेतलं. समाजसेवा करणाऱ्या खेळाडूला दर वर्षी त्याच्या नावाचा सन्मान मिळतो. पूल आहे, भिंत आहे. हे सगळं मला प्रिय आहे. पण हे पहिल्या जातीचं फळ, आणि ते घ्यायला तो नव्हता. मानाग्वात त्या रात्री ज्यांना औषध हवं होतं, त्यांच्या हाती यातलं काही आलं नाही. तो हिशेब मी इकडचा तिकडे लावू देणार नाही. अण्णांनीही दिला नसता.

ते दिवाळीनंतर पुन्हा गेले, एकटे. बरोबर स्टोव्हच्या दोनशे पिना नेल्या आणि रॉकेल गाळायला जुन्या धोतराचे तुकडे. रात्री परत आले तेव्हा हातांना रॉकेलचा वास होता आणि बोटं काळी. मी पाणी दिलं. त्यांनी खिशातून वही काढून माझ्यापुढे ठेवली. त्यांच्या गणिताच्या अक्षरात साठ नावं, जवळपास प्रत्येकापुढे बरोबरची खूण. दोन नावांपुढे खूण नव्हती, ती माणसं शेड सोडून लेकीकडे गेली होती. त्या दोघांचा पत्ता त्यांनी खाली लिहून आणला होता.

वहीतली ती दोन नावं आठवली की मला मॅनी सॅन्गियेन आठवतो. पायरेट्सचा कॅचर, क्लेमेंतेचा जिवलग. विमान पडल्यावर क्लेमेंतेचा देह मिळेना. कारोलिनाला त्याच्यासाठी प्रार्थना झाली, सगळा संघ पिट्सबर्गहून आला आणि चर्चमध्ये बसला. सॅन्गियेन तिथं नव्हता. तो पाणबुड्यांबरोबर समुद्रात बुड्या मारत होता. देह शेवटपर्यंत मिळाला नाही. तो शोक होता की काम, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. सगळे निरोप देत होते, आणि हा एकटा अजून बघायला गेला होता.